बंद दुकानाला रजिस्टर पाकीट

चाकूर, ११ मे १९८३

चि. पंचशीलास दादाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझी वहिनी तारामती व मुले खुशाल. पाण्याचे विचारू नकोस. पत्र रागाच्या भरात लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. काल पोस्टमनने लातूरच्या विक्रीकर कचेरीचे रजिस्टर पाकीट दुकानात आणून माझ्या हातात दिले, सही घेतली. आत हुकूम : दुकान कायमचे बंद आढळले, दारावर चिकटवलेल्या नोटिशीला उत्तर आले नाही, सबब नोंदणी रद्द.

बंद? या दुष्काळात गावोगावचे हातपंप मोडून पडलेत. दिवसा मी सायकलवर पाने-वॉशर घेऊन दुरुस्तीला जातो. किल्ली शेजारच्या चहावाल्या गुरम्माकडे असते, गिऱ्हाईक आले की तीच दुकान उघडते. इन्स्पेक्टरने कुलूप पाहिले, पण तिला काही विचारले नाही. पिठाच्या खळीने नोटीस चिकटवून तो चालता झाला. गुरम्मा आता विचारल्यावर सांगते, त्याची पाठ फिरली अन् शेळीने कागद खाल्ला. चारा आहेच कुठे? माझा राग शेळीवर नाही.

पंचायत समितीची पाईपांची ऑर्डर नुकतीच मिळाली होती. नोंदणीशिवाय ती जाईल, आणि ती गेली तर दुकान खरोखरच बंद होईल. तू तहसिलीत नोकरीला आहेस, काय करू ते कळव.

तुझा दादा
ग्यानोबा

नांदेड, १६ मे

ती. ग्यानोबादादास सप्रेम जयभीम.

शेळीचे वाचून आधी हसू आले, मग ऑर्डरची काळजी लागली. दुकानदार असून दुकानात न सापडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात तूच! दारावर एक पाटी लावायला काय झाले होते?

जिल्हा नवा, कचेरी नवी, उस्मानाबादहून आलेल्या फायली अजून गाठोड्यातच असतील. चूक झाली असेल. लातूरला जा आणि साहेबांशी नरमाईने बोल. आमच्याकडेही नरमाईने बोलणाऱ्याचे काम आधी होते.

वहिनीला जयभीम, मुलांना पापे. या बहिणीवर माया असू दे.

तुझी
पंचशीला

चाकूर, २१ मे

चि. पंचशीलास आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून नरमाईने बोललो. साहेब म्हणाले, नोटीस चिकटवली म्हणजे पोचली. शेळीचे सांगितले तर सारी कचेरी पोट धरून हसली. एका कारकुनाने विचारले की शेळीने पोच दिली का. तूही हसलीसच.

पाटी लावायला हवी होती, कबूल. पण पाटी लावली नाही म्हणून धंद्यावर नांगर फिरवायचा? चोराला पकडले तरी आधी त्याचे म्हणणे ऐकतात. मला लई नाही, एक शब्द विचारायला हवा होता, तोही कुणी विचारला नाही. पंचायत समिती पंधरा जूनपर्यंत थांबेल, पुढे नाही.

तुझी नरमाई तुझ्याजवळच ठेव. उपदेश नको, कायदा असेल तर पाठव.

ग्यानोबा

नांदेड, २५ मे

ती. दादास सप्रेम जयभीम.

हसले ते चुकलेच. आता माझाच संताप आवरत नाही. आप्पासाहेब वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणतात, नोंदणी रद्द करण्याआधी माणसाला कळवायला हवे आणि त्याचे म्हणणे ऐकायला हवे. न ऐकता दिलेला हुकूम वरच्या साहेबांपुढे टिकत नाही.

तुझे पहिले पत्र पुन्हा वाचले तेव्हा आणखी एक ध्यानात आले. रद्द केल्याचा हुकूम यांनी रजिस्टर टपालाने धाडला आणि तो पोचला. मग नोटीस टपालाने का नाही? आणि दुकान कायमचे बंद, तर पाकीट कुणाला पाठवले, सही कुणी केली? अपिलात हेच लिहिले आहे, सोबत पाठवते. सुनावणी माग. बसायला सांगितले नाही तर उभ्याने बोल, पण शेळीचे नाव काढू नकोस.

रागावला असशील तर राग पाव्हण्यासारखा चार दिवस ठेव, मग घालवून दे.

तुझी
पंचशीला

चाकूर, १३ जून

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

नोंदणी परत मिळाली, पाईपांची ऑर्डरही वाचली. तारामतीने आळीत साखर वाटली. वरच्या साहेबांनी पाकिटाचा मुद्दा वाचला आणि खालच्या साहेबांना उत्तर विचारले. या खेपेस कुणी हसले नाही.

पण आज नवा हुकूम हाती आला आणि डोके पुन्हा फिरले. त्यात लिहिले आहे की अर्जदाराची गरिबी व दुष्काळ यांचा सहानुभूतीने विचार करून, दयाबुद्धीने नोंदणी बहाल करण्यात येत आहे. न विचारता रद्द केली ही आमची चूक झाली, असे एक अक्षर नाही. मी दया कधी मागितली, पंचशीला? मी दरसाल कर भरतो. माझे ऐकून घ्या, एवढेच म्हणत होतो. दयेने दिलेले हे उद्या पुन्हा न विचारता काढून घेतील, आणि दुसऱ्या कुणाच्या दारावर असाच कागद डकवतील.

तारामती म्हणते, मिळालं न्हवं, आता गप बसा. मी बसणार नाही. आप्पासाहेबांना विचार, जिंकलेल्या माणसाला निकालाविरुद्ध अपील करता येते का? येत असेल तर कागद तयार ठेव, मी पहिल्या गाडीने नांदेडला येतो.

तुझ्यावर माया आहेच, ती तुला मागावी लागणार नाही.

तुझा दादा
ग्यानोबा