पन्नाशीच्या वर

१२ फेब्रु. ७९, सोम.
अंबडला शेडचा पाया खणताना माणसाचा सापळा निघाला. हवालदार हाडांचं पोतं घेऊन आला, तो थेट निकमच्या टेबलाकडे! अठरा वर्षं या सिव्हिल हॉस्पिटलात हाडं मी बघतोय. निकम मुंबईहून शिकून आला त्याला जेमतेम सहा महिने. "सर बघतील," म्हणाला. वर हा नम्रपणा. डोक्यात जातो अगदी.
कवटी पाहिली. वयाबरोबर बुजत जाणारे सांधे पुरते बुजलेले. पुरुष, पन्नाशीच्या वर. दहा मिनिटांत सांगून मोकळा. कपडे कुजलेत, ओळखीचं बाकी काही नाही.

१४, बुध.
हरसूलहून हौसा नावाची बाई आली. चार वर्षांमागे नवरा अंबडला मजुरीला गेला तो गेलाच. तेव्हा तिशीचा. दीर मागे लागलाय, कुंकू पूस म्हणून.
"माझा धनी नाय ना ह्यो, डाक्टर?"
म्हटलं, बाई, हा पन्नाशी ओलांडलेला. आधी रडली, मग हसायला लागली. निकम बघत होता. म्हटलं बघ, नीट बघ.

१६, शुक्र.
निकमने पोतं पुन्हा उपसलं. कवटी हाती आली की मी तळाशी जात नाही, सवयच तशी. दार लोटून म्हणाला, "सर, हे जरा बघता का?" ओटीपोटाखाली पुढे जिथे दोन्ही हाडं जुळतात तो तुकडा. जुळण्याच्या जागी वावरातल्यासारख्या सऱ्या, पुसट, पण आहेत. पन्नाशीत त्या कुठल्या राहायला! माणूस तिशी-पस्तिशीचा. एका नजरेत कळलं मला.
म्हणालो, "पुस्तकी आहे हे. कवटीपुढे याचं काय!"
"हो सर."
जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. वादसुद्धा घालत नाही लेकाचा.

२१, बुध.
हौसा परत. हातात नव्या हिरव्या बांगड्या, फडक्यात नागलीचे पापड. दिराचं तोंड बंद झालं म्हणे. "तुमी माझा धनी जिता ठेवला." मग हळूच, "वय चुकत नाय ना, डाक्टर?"
"नाही." तोंडातून निघूनच गेलं.
निकम दारात उभा. तिने त्यालाही पापड पुढे केले. त्याने हात जोडले, घेतले नाहीत. मी आधीच घेऊन बसलेलो.
ती गेल्यावर विचारलं, बोलला का नाहीस? म्हणे, "अहवाल तुमचा आहे सर. तुम्हीच सांगाल." आता विश्वासही टाकतोय माझ्यावर! त्याच्या जागी मी असतो तर गावभर केलं असतं.

२३, शुक्र.
उद्या सकाळी हवालदार अहवाल नेणार, मग हाडं पुरणार. पुन्हा कोण उकरतंय!
तिचाच नवरा कशावरून? तिशीचे मजूर अंबडला ढिगाने. दहा वेळा हेच घोकलं. पण पन्नास लिहिलं की पुढे कुणी शोधायचंच नाही. आणि पस्तीस लिहिलं तर तिला मीच बोलवायचं, तिच्या बांगड्यांकडे बघत सांगायचं. आणि निकम परत "सर" म्हणणार.
तो तुकडा स्वच्छ करून, कापसावर ठेवून गेलाय माझ्या टेबलावर. शेजारी कोरा फॉर्म. चिठ्ठी नाही, काही नाही. पापड खणात तसेच.
लिंग भरलं. उंची भरली. वय, अंदाजे