नराच्या तीन ओळी आणि आमच्या कमरा

ती. बेबीनंदाताईस,

धाकट्या भारतचा कमरेतून वाकता येईल तेवढा वाकून जयभीम. (सध्या फारसं वाकता येत नाही, तेव्हा उरलेला जयभीम मनाने मान्य करून घ्यावास.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून लपूनछपून जिलबी चालू आहे? आमच्याकडे सगळं खुशाल. म्हैस खुशाल, सत्यशीला खुशाल, आणि कपाशी तर इतकी खुशाल की फुलांनी नुसती लगडली आहे. खुशाल नाही तो एकटा मीच, आणि त्याची हकीकत जरा लांब आहे. चहा ठेव आणि मग वाचायला बस.

यंदा मी बियाणे कंपनीचा कपाशीचा सीड प्लॉट घेतला, हे तुला सांगितलंच होतं. एक एकर. त्यात मादी झाडांच्या ओळी भरपूर आणि नराच्या फक्त साडेतीन, त्याही बांधाच्या कडेला. (सत्यशीला म्हणते, घरातसुद्धा असंच प्रमाण ठेवायला हवं होतं.) दुपारी मादी झाडाची कळी सोलायची, आतला पिवळा भुसा, म्हणजे पराग, नखाने अलगद काढायचा, मधली काडी मात्र धक्का न लावता तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्याचा भुसा त्या काडीवर लावायचा. याला क्रॉसिंग म्हणतात. आमच्या शिवारात हे काम गिरिजाबाईची बारा बायकांची टोळी करते. (तीच तुझी गिरिजा, शाळेत तुझ्या शेजारी बसायची आणि माझे कान ओढायची. सवय अजून गेलेली नाही.) कळी कोणासाठी थांबत नाही. टोळी एक दिवस आली नाही की त्या दिवसाची बोंडं गेली, आणि आठवडाभर आली नाही तर कंपनीचे साहेब प्लॉट नापास करून मोकळे होतात. मग पुढच्या वर्षी प्लॉटचं नाव काढायला नको. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी बोललो.

झालं असं, की मंगळवारी बांधावर चहा चालू होता आणि माझ्या हातात मोबाईल होता. (या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी विद्वान होतो.) त्यात लिहिलं होतं की पुरुषाच्या खांद्यात आणि दंडात बाईपेक्षा पुष्कळ जास्त ताकद असते. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, की म्हणूनच जडाची कामं गड्यांना आणि ही नखाची हलकी कामं बायकांना. गिरिजाबाईने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बराबर हाय, भारतभाऊ. मंग उद्या जडाचं आम्ही बघतो, हलकं तुम्ही बघा." मी म्हणालो, "बिलकुल!" बारा बायका एकदम हसल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जडाचं काम म्हणजे खताच्या दहा गोण्या. चिखलामुळे गाडी रस्त्यावरच थांबलेली, आणि तिथून शेतापर्यंत गोण्या आणायच्या होत्या. मी मजेत बघत उभा राहिलो. माझं म्हणणं खोटं ठरलं असं नाही बरं का, एका बाईनेही एकटीने अख्खी गोणी उचलली नाही. उचलायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी गोण्या रस्त्यावरच उघडल्या, खत घमेल्यांत वाटून घेतलं आणि डोक्यावर घेऊन चालू लागल्या. खेपेमागून खेप, त्यातच कोणाच्या तरी साखरपुड्याची चर्चा. सकाळी दहाच्या आत रस्ता मोकळा. गोणी एकट्यानेच उचलायची असते, असं त्या मोबाईलमध्येही कुठे लिहिलं नव्हतं. मी दोनदा तपासलं.

दुपारी आमची पाळी. मी गावातले सहा तगडे गडी जमवले होते, म्होरक्या आपला धर्मराज पहिलवान. (शंभर किलोचं पोतं उचलतो आणि वर मिशीला ताव देतो.) आता त्याचा अंगठा तू पाहिला आहेस. त्या अंगठ्याखाली कळी कुठे गेली हे कळीलाही कळत नव्हतं. पहिल्या पन्नास कळ्यांत भुसाही गेला, काडीही गेली आणि दोनचार वेळा फांदीही गेली. तासाभरात मला माझ्याच कमरेचा आवाज ऐकू आला. कपाशी छातीएवढी, कळ्या कुठे मांडीशी तर कुठे खांद्याशी, त्यामुळे सरळ उभं राहता येत नाही आणि खाली बसताही येत नाही. बायका हे रोज दिवस बुडेपर्यंत करतात. आम्ही साडेतीनला तंबाखू मळायला थांबलो, चारला पाणी प्यायला, आणि सव्वाचारला धर्मराज वाफ्यात उताणा पडून म्हणाला, "भारतभाऊ, कुस्ती दहा मिनिटांत संपते वो. हे कवा संपून राह्यलं?"

पण तो हार मानणारा गडी नव्हे. जरा पाठ टेकून उठला, दोघांना घेऊन बांधाच्या कडेला गेला आणि तिथे त्याला हातोटी सापडली! काय सुंदर कळ्या सोलल्या, ताई! भुसा साफ, काडी जशीच्या तशी. मी लांबूनच शाबासकी दिली. अंधार पडायच्या आधी तिघांनी तीन ओळी पुऱ्या केल्या, चौथी जी अर्धी ओळ होती तिच्यापाशी तिघांच्याही कमरांनी एकदम संप केला, आणि आम्ही विजयी वीरांसारखे घरी आलो.

सकाळी नराची फुलं तोडायला गेलो. नराला भुसाच नाही! धर्मराजने रात्रीतून नव्हे, माझ्या डोळ्यांदेखत, माझी शाबासकी घेत, नराच्या तीनही ओळींचा एकूण एक भुसा काढून टाकला होता.

तोवर टोळी गावातल्या रामरावाच्या प्लॉटवर रविवारपर्यंत लागली होती. मी हात जोडून तिथे गेलो. गिरिजाबाई ऐकता ऐकता हसत हसत मातीत बसली. पण मनाने मोठी बाई. तासभर चौघींना घेऊन आली, उरलेल्या अर्ध्या ओळीची फुलं तोडली आणि एकेका फुलावर पाचसहा मादी कळ्या भागवल्या. जाताना म्हणाली, "गडी लवकर थकले म्हणून वाचलं बघा तुमचं. थकले नसते तर ही अर्धी बी न्हाई राह्यली असती." खरं सांगतो, मला राग आला नाही. मी तिच्यासोबत इतका हसलो की धरलेली कंबर आणखी धरली. सोमवारपासून टोळी परत येणार की नाही, हे मात्र अजून तिच्याच हातात आहे.

दाजींना जयभीम, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
भारत

ता. क. — आता मुद्द्याचं. गिरिजाबाईने एक अट घातली आहे. मी चौथीत असताना कुंभार पिंपळगावच्या बाजारातून येताना वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं, आणि मी तुला पाठीवर घेऊन पार केलं, ही गोष्ट मी गेली चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगतो. गिरिजाबाई त्या दिवशी आपल्यासोबत होती, हे मी सोयीने विसरलो होतो. तर खरं असं, की माझा पाय मुरगळला होता, मी रडत होतो, आणि पाठीवर मी होतो आणि ती पाठ तुझी होती, वर तुझ्या हातात बाजाराची पिशवीही होती. तिचं म्हणणं, फोनवर तुम्ही काहीबी बोलता, बहिणीला लिहून द्या. म्हणून कागदाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवतो आहे. वाचलंस की तिला जल्दी फोन कर आणि सांग की भारतने कबूल केलं. तरच सोमवारी टोळी येईल.

ता. क. २ — पाठवण्याआधी गिरिजाबाईने पत्र तपासलं. मी फक्त ओढ्यापुरतं लिहिलं होतं. तिने सांगितलं, पुरं लिहा. तर तू मला ओढ्यापुरतं नाही, बाजारापासून घराच्या दारापर्यंत आणलंस. तेव्हा तू सहावीत होतीस. आणि इतकी वर्षं माझी गोष्ट चालू असताना तू प्रत्येक मांडवात समोर बसून नुसती हसायचीस, ताई.