क्विक म्हणजे जिवंत

४ ऑगस्ट १९८८, धुळे
कॉलेजच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशासाठी 'क्विक' हा शब्द घेतला. वर्गात विचारलं, सगळे म्हणाले, लवकर. मुळात अर्थ जिवंत. सळसळतो म्हणून पारा क्विकसिल्व्हर, जिवंत चांदी. नखाखालचं हुळहुळं मांसही क्विकच. जिवंत ते हलतं, हलतं ते चपळ, चपळ ते लवकर. आता लवकर तेवढं उरलं.
बायको, वि., साक्रीला माहेरी जाऊन बारा दिवस. पहिलं बाळंतपण, रीतच आहे. पण सातवा लागताच घाई मीच केली. कामाला शांतता हवी होती.

७ ऑ.
एक अर्थ राहिला होता. पोटातलं मूल प्रथम हलतं, त्यालाही हाच शब्द. तिथून पुढे गर्भात जीव आला असं धरत. आमचं केव्हा हललं? मी विचारलंच नाही. लाज वाटली.

११ ऑ.
कॉलेजातले एक निवृत्त सर मला कोशासाठी शब्द पोस्टकार्डावर लिहून पाठवतात. मी ती न वाचता सरळ गठ्ठ्यात टाकतो, मग सावकाश बघतो. आज गठ्ठा सोडला. एक कार्ड सासऱ्यांचं. 'जयभीम. बठ्ठं बरं शे.' म्हणजे सगळं ठीक. खाली कोपऱ्यात वि.चं अक्षर: दोन दिवस हालचाल कमी वाटते. आई म्हणते काही नाही. तुम्ही या.
टपालाचा शिक्का सहा तारखेचा. म्हणजे तीन-चार दिवस तरी माझ्या टेबलावर पडून...

११, साक्री
दुपारची एस.टी. सासूबाई, म्हणजे अक्का, पोटातलं झोपलंय अशा अर्थाने दारातच म्हणाल्या, "पोर झोपेल शे, जवाईबापू. काही घाबरू नका." मी वि.ला म्हटलं, कार्ड आजच मिळालं. खोटं बोललो. तिने मान डोलावली.

१२, धुळे, दवाखान्याचं बाक
सकाळी साक्रीच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून खूप वेळ ऐकलं. जागा बदलून पुन्हा ऐकलं. "ठोके मिळत नाहीत. मशीनवर बघू देत, धुळ्याला न्या." आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जीप आणली. माझ्यामुळे झालं हे कुणालाच ठाऊक नाही, हे सगळ्यात वाईट.
वि.ला आत नेलंय. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.
जीप खड्ड्यात गेली की तिचं पोट हलायचं. दर वेळी माझ्याकडे बघून विचारायची, "हालनं ना हो?"
दर वेळी मी हो म्हणालो.