मागितलेली दहा मिनिटं

ताई,

त्या दुपारी धरण काठोकाठ भरलं होतं आणि पाणी चढतच होतं. साहेब ओरडले, "दरवाजे उघड, नाहीतर बांध फुटेल, अख्खं गाव जाईल!" भोंगा वाजवून मी तुला फोन लावला.

"बाबांना पाठीवर घेऊन गच्चीवर नेतेय. दहा मिनिटं थांब रे!"

"थांबतो," म्हणालो आणि फोन ठेवताच बटण दाबलं.

तुम्ही वाचलात ते तुझ्या पायांच्या बळावर. तू मात्र सगळ्यांना सांगतेस, भावानं पाणी अडवून धरलं. काल बाबांनीही माझा हात धरला. म्हणाले, "पोरा, तू होतास म्हणून वाचलो."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पोरगा लाजला.

तुझा धाकटा