बाथरूममधला पाट

प्रिय दीडशहाण्या,

परगावी बसून फोनवर वायरिंगची तपासणी ठरवलीस. निस्तरायला आजी आहेच. वायरमन चार बटणं दाबून जाईल म्हणालास. कसलं काय. नऊला आला, मीटरसमोरचं कपाट हलवायला लावलं, मेन स्विच बंद करून दोन तास घर अंधारात. एकेक बोर्ड उघडायचा, स्क्रू वाटीत ठेवायचे, यंत्र लावून आकडा लिहायचा. तोंडाचा फटकळ, पण कामाचा चोख. वायरिंग कधीचं, कोणी केलं, कुठे शॉक बसतो का, सगळं विचारलं. मी म्हटलं, नातसून म्हणते नळाला बसतो, पण तो तिचा वहम. तूच पढवलेलं, पोपटासारखं बोलले.

बाथरूममधून बाहेर येऊन विचारतो कसा, आजी, नळाखाली लाकडी पाट कशाला? मी पाट उचलायला धावले.

मग गिझर उघडला. आतली अर्थिंगची हिरवी तार कापून, पट्टी गुंडाळून दडवलेली. म्हणाला, ही ज्याने कापली त्याला आधी इथे अंघोळ घाला. बोर्डाचं बटण सारखं पडतं म्हणून तूच कापलीस. पक्कड तुझ्या हातात मी पाहिली होती. मूर्खा, ते बटण तुमचा जीव वाचवायला पडत होतं. बायको नळाला हात लावून किंचाळली तर चार लोकांत तिला वेडी ठरवलंस. ती माहेरी निघून गेली, तर म्हणालास, तपासणी होऊ दे, तोंड बंद होईल तिचं. झालं बंद. तुझं.

आता माझं ऐक. तो झटका मला तिच्याआधी बसला होता. पाट त्यासाठीच. नातू खोटा पडायला नको म्हणून मी मूग गिळून बसले. अंघोळ झाली की पाट उचलून खोलीत न्यायचे, कोणी विचारू नये म्हणून. ती गेल्यावर तो तिथेच राहिला. तिला मी साधा पाटही दिला नाही.

काल तपासणीचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. दारातच सांगितलं, तू खरी, आम्ही खोटे. तिने पाणी दिलं, बस म्हणाली नाही. बरोबर केलं. एवढंच विचारलं, तार कापलेली त्याला ठाऊक होतं का? मी म्हटलं, ते तोच सांगेल. म्हणून हा कागद खरडला. इकडे येऊ नकोस. आधी तिच्या दारात जा आणि तुझ्या तोंडाने सांग. बस म्हणाली नाही तर उभ्याने सांग.

म्हणायची लाज वाटते, पण तुझीच,
आजी