काढलेली म्हैस

८ ऑक्टोबर
माळा साफ! शिडी धरायचं कबूल करून संयोगिता फोनवर बोलत बसली. बायको असली की स्टूल लागत नाही म्हणतात – शिडी मात्र भिंतीलाच टेकवावी लागते. तरीही आजचा दिवस माझा! जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे माझी रंगपेटी सापडली – शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेची. झाकण गंजलेलं, वड्या तडकलेल्या. ओल्या बोटानं निळी घासली – लागली की! कोळशाच्या कांड्या शाबूत. ब्रशला टक्कल, आता आमची जोडी शोभते.
ऊसदराची बातमी राहिली. पुण्याहून उपसंपादकाचा फोन. म्हटलं, ‘रंगवतोय.’ खोटं नव्हतं.

९ ऑक्टोबर
तांब्या काढला, तुळस काढली, झोपलेली संयोगिता काढली. तिसरं चित्र जप्त.

१२ ऑक्टोबर
रंकाळ्यामागच्या एका गोठ्यात काळीभोर म्हैस दिसली. मालक बाळासो दारातच उभे. म्हटलं, ‘तुमची म्हैस काढायची आहे.’ त्यांनी मला वरखाली बघितलं आणि हातात बादली दिली. ‘मग काढा की पावणं! माझं गुडघं बसू देत न्हाईत.’
‘धार नव्हे हो, चित्र!’
पोट धरून हसले. मग म्हणाले, ‘लवकर काढा. चंद्रीला इकायला काढलीया. पाडव्याची म्हसरांची मिरवणूक झाली की गगनबावड्याचं गिऱ्हाईक न्हेणार. दुसरं कोण कासंला बसलं की लाथ घालती. हिलाबी.’
‘हिलाबी’ म्हणजे झुंबरबाई, त्यांची बायको. बाईंनी वैरणीची पेंढी जरा जोरातच आपटली.
काढणे – एक क्रियापद, तीन अर्थ, तिन्ही एकाच म्हशीवर! संस्कृतात ‘दुह्’ धातूला दोन कर्मं लागतात, गाय आणि दूध, हे शाळेपासून तोंडपाठ. गुडघे हे तिसरं कर्म कुणी शिकवलंच नाही.

१५ ऑक्टोबर
रोज जातोय. पहिली चंद्री सोफ्यासारखी झाली. दुसरी बघून संयोगिता म्हणाली, ‘हे मामंजी का?’
पाय नीट दिसावेत म्हणून आज अगदी मांडीला मांडी लावून बसलो – म्हशीच्या. चंद्रीनं एकदा हुंगलं, रवंथ चालू ठेवला.
झुंबरबाई: ‘लाथ न्हाय घातली? नवलच हाय!’
ती जायच्या आत एक तरी खरी चंद्री कागदावर उतरायला हवी. नाहीतर बाळासोंपाशी रिकामा खुंटाच उरेल.

१६ ऑक्टोबर
तिसरी. गेंडा.

१९ ऑक्टोबर
आली! आली!! पेन्सिल फेकून दिली. कोळसा आडवा धरला आणि मानेपासून शेपटीपर्यंत एकच ओढ! कांडी मोडली – मोडू दे! अंगठ्यानं घासत गेलो. जिथं ऊन पडलं होतं तिथला कागद कोरा ठेवला, आणि कातडी ओली चमकायला लागली. मग शिंगं. मग तो डोळा – सगळ्या जगाला कंटाळलेला. पेटीतल्या लाल वडीची पार भुकटी झालीय, म्हणून कोनाड्यातला जोतिबाचा गुलाल चिमूटभर घेऊन तिच्या कपाळी लावला. कागदावरच्या.
मी ओरडलो. खरीनं शेण टाकलं. मानवंदना समजतो.
बाळासो बराच वेळ बघत राहिले. ‘हंबरंल आता,’ एवढंच म्हणाले.

२२ ऑक्टोबर, पाडवा
मिरवणुकीत चंद्री – शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. मागे मी, चित्र उंच धरून! लोक आधी चित्र बघत, मग म्हैस, मग पुन्हा चित्र. एवढे वाचक माझ्या बातमीला कधी लाभले नाहीत.
परतल्यावर चित्र बाळासोंना दिलं. ‘ती गेली तरी ही राहील.’ त्यांनी ते खुंट्यामागच्या भिंतीवर टांगलं, आणि चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.
झुंबरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. ‘भितीवरली म्हस च्याला दूध देती व्हय?’
मी निघालो.

२३ ऑक्टोबर
गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत! झुंबरबाईंनी दावं सोडूच दिलं नाही. म्हणाल्या, ‘हे पावणं रोज येत्यातच की बसाय. म्हस लाथ घालत न्हाय. चित्र काढत्यात तशी धारबी काढतील!’
उद्या पहाटेपासून. ‘दुह्’चा कर्ता सापडला – मी.