ऑइलचा दिवा आणि आमचे गोळीवाले

३ मार्च, सोमवार

गाडीला म्हणे बीपी झालंय! जावई आज फोनवर हेच बोलले. "बाबा, ऑइलचं प्रेशर लो दाखवतंय. माणसाचं होतं ना, तसंच." स्वतःचं औषधांचं दुकान आहे म्हणून जगातली प्रत्येक वस्तू पेशंट! मी विचारलं, दिवा कधी लागतो — इंजिन गार असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की पळत्या? "लागतो अधूनमधून." अधूनमधून! बसडेपोत गाड्या दुरुस्त करायचो तेव्हा माझ्या हाताखालचा कोणी असं बोलला असता तर दिवसभर नट धुवायला बसवला असता.

मग लेकीने फोन घेतला. सकाळी काही नाही. घाट उतरून सिग्नलला थांबलं की लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दिला की विझतो. संपलं. याला म्हणतात सांगणं! शेवटी माझीच लेक, माझी भिंगरी!

ही म्हणते, "जावयाला गोळीवाला काय म्हणता! ऐकलं त्यांनी तर?" ऐकेल कशाला? मी फक्त हिच्यासमोर म्हणतो. आणि इथे.

५ मार्च, बुधवार

गाडी माझी. म्हणजे होती. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत, त्यातले बहुतेक माझ्या हातचे. भिंगरीला मोजणी खात्यात नोकरी लागली तेव्हा किल्ली तिच्या हातात ठेवली. रोज घाटापलीकडे जाते, मागच्या सीटवर तिपाई आणि दुर्बीण टाकून.

घाटात प्रेशर गेलं तर इंजिन जागच्या जागी जाम होतं, आणि मागून भरलेला ट्रक येत असतो. हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. सगळ्यांना एवढंच दिसतं — दिवा लागलाय, दिव्याचं काहीतरी करा!

६ मार्च, गुरुवार

गोळीवाल्याने गाडी नेली कुठे? काचेच्या दुकानात! गॅरेज म्हणवत नाही त्याला. आत सोफा, कॉफीचं मशीन, आणि पांढऱ्या बुटांतला एक मेकॅनिक. पांढरे बूट! त्याने बॉनेट उघडायच्या आधी कॉम्प्युटर जोडला आणि सांगितलं, सेन्सर बदला. बदलला. डिपस्टिक ओढून ऑइल किती आहे हे तरी बघितलं का, मी विचारलं. जावई म्हणाले, "त्यांच्याकडे सगळं डिजिटल आहे, बाबा."

धन्य आहे.

९ मार्च, रविवार

दिवा परत आला. येणारच होता.

दोघं जेवायला आली होती. जेवताना गोळीवाल्याने नवं ज्ञान आणलं — दुकानात येणाऱ्या कोणीतरी सांगितलंय, जाड ऑइल ओता, प्रेशर वाढतं. वाढतं की! काट्यावर वाढतं. सकाळी गार इंजिनात ते जाड ऑइल वरपर्यंत चढेतो वरचा सगळा भाग कोरडा घासतो. मी हे समजावून सांगायला लागलो तर हा मान हलवत चटणी वाढून घेतोय.

मागे यांच्या घरी गेलो होतो तेव्हाचं आठवलं. स्वयंपाकघरातलं बटण बिघडलेलं. लेक स्टुलावर चढून पेचकसाने खोलतेय आणि हा खाली बॅटरी धरून उभा. तीही भलतीकडे! उजेड छतावर पडलेला. स्क्रू कुठल्या बाजूने सुटतो हे ज्याला ठाऊक नाही, तो मला ऑइल शिकवतो.

भिंगरी शाळेच्या सुट्टीत डेपोत येऊन माझ्या शेजारी बसायची. हवा भरायला शिकली, प्लग साफ करायला शिकली. वायरचा जोड शिकवला तो तर अजून आठवतो — पीळ घालायचा, टेप खालून वर गुंडाळायची, आणि शेवटी वरून मेणाचा दोरा बांधायचा, कारण टेप उष्णतेने सुटते. डेपोतले सगळे त्या दोऱ्याला हसायचे. "साहेब वायर बांधतात की राखी!" हसा. माझा एक जोड कधी सुटला नाही.

१२ मार्च, बुधवार

डेपोतून ऑइलचं प्रेशर मोजायचा काट्याचा गेज मागून आणला. भिंगरी कामावरून परस्पर गाडी घेऊन आली. सेन्सर काढून त्या जागी गेज बसवला. गार इंजिनाला काटा झकास. तापवलं, आणि रिकाम्या चालीवर काटा खाली खाली जाऊन पार टेकला. म्हणजे दिवा खरं बोलत होता! सेन्सर निर्दोष, पांढरे बूट गाढव.

आता एक तर तळाची जाळी चोंदलीय, नाही तर पंप झिजलाय, नाही तर बेअरिंगं. शिवाय टकटक ऐकू येते, त्यावरून माझा कौल बेअरिंगांना. खालचं चेंबर उतरवल्याशिवाय नक्की कळणार नाही. आठ दिवस गाडी इथे ठेव, म्हटलं.

तेवढ्यात गोळीवाले तिला शोधत हजर! "बाबा, त्यापेक्षा विकून टाकू ना. वय झालंय गाडीचं." वय! म्हटलं, वय माझंही झालंय, मलाही विकता का? मग तो बोलला, मी बोललो, तो दुप्पट बोलला. काळजीपोटी म्हणतोय म्हणे. काळजी कसली, आळस! नवी गाडी दारात आली की याला कशात डोकं घालायला नको.

भिंगरी गेज हातात धरून उभी होती. म्हणाली, "तो दिवा लागला की तुमचं दोघांचं सुरू होतं. इथेही तेच, घरीही तेच. मला आता गाडीपेक्षा तुमचीच धास्ती वाटते." गेज बाकावर ठेवला, सेन्सर स्वतः परत बसवला आणि गाडी घेऊन गेली.

मुलं थकली की काहीही बोलतात.

१४ मार्च, शुक्रवार

दिवा विझला म्हणे. आपोआप! गोळीवाल्याचा विजयी फोन. "बघा बाबा, उगाच खोलली असती." झिजलेली बेअरिंगं आपोआप भरून आली! हाड आहे ते, सांधायला?

१६ मार्च, रविवार

भिंगरी एकटीच आली. ती आत आईशी बोलत बसली आणि मी किल्ली उचलली.

किल्ली फिरवली — ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला. इंजिन सुरू केलं — दोन्ही एका क्षणी विझले. ऑइलचा दिवा असा कधी विझत नाही. ऑइल वर चढायला श्वासभर वेळ लागतो. इंजिन बंद करून किल्ली पुन्हा फिरवली आणि सेन्सरची वायर उपटली. दिवा विझायला हवा. जळतोच आहे!

मग कळलं. कोणीतरी डॅशबोर्डमागे ऑइलच्या दिव्याची वायर तोडून बॅटरीच्या दिव्याला जोडलीय. जुनी गाडी गळ्यात मारणाऱ्या दलालांची ही युक्ती. दिवा दिसतो, विझतो, बघणारा खूश. खाली इंजिन कोरडं होऊन मरो!

चार दिवस माझी पोरगी अशा गाडीतून घाट चढउतार करतेय. बायकोचा जीव टांगणीला लावून हा माणूस फोनवर "बघा बाबा" म्हणतो! वाद जिंकायला!

तिला काही बोललो नाही. नवऱ्याचे हे धंदे तिला कोणत्या तोंडाने सांगू? टायर खराब झालाय म्हणून गाडी ठेवून घेतली. "आज बसने जा, उद्या कामावरही बसनेच." ती गाडीकडे बघत राहिली, काहीतरी बोलायला आली होती, पण घरी जायची बस निघाली असती.

१७ मार्च, सोमवार

गेलो दुकानात. गिऱ्हाइकं उभी होती, असू दे म्हटलं. सगळं बाहेर काढलं — दलाल म्हटलं, नामर्द म्हटलं, माझ्या पोरीच्या जिवावर उठलास म्हटलं. जावयाला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं आणि छान वाटलं!

आधी साळसूदपणा. "कुठली वायर, बाबा?" मी सांगितलं. मग विचारतो, "गाडी चार दिवस तशीच चालवली तिने?" म्हटलं, हो, तुझ्या कृपेने! त्याने हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाला, "मीच केलं, बाबा. चुकलं माझं. तिला काही बोलू नका. गाडी तुमच्याकडेच ठेवा, हवं ते करा."

आला सरळ! खाली मान घालून उभा होता. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर "शोभतं का हे?" म्हणून त्याच्याच तोंडावर ऐकवलं. पायऱ्या उतरताना गुडघासुद्धा दुखला नाही.

हिला सगळं रंगवून सांगितलं. ती चहा ठेवत होती, हात थांबला. "भिंगरीला विचारलंत का?" तिला काय विचारायचं! उद्या डॅशबोर्ड खोलून ती वायर पूर्ववत करतो, मग इंजिन उतरवतो.

१८ मार्च, मंगळवार

डॅशबोर्ड खोलला. जोड मिळाला. टेप खालून वर गुंडाळलेली. वरून मेणाचा दोरा.

बाकावर बसून राहिलो. त्या माणसाला पक्कड धरता येत नाही.

उद्या दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचं. काय बोलायचं ते सुचलेलं नाही.